ऊतीला ‘आता पुरे’ कोण सांगतं? : संदेशमार्ग, वाढ आणि रोग

फळा_खडू (ठाणे)

टीवायबीएस्सीला पेशींतलं संदेशवहन शिकवताना फळ्यावर वर्षानुवर्षं तीच आकृती निघते. बाहेरून वाढघटक आला, रिसेप्टरला (पेशीवरच्या निरोप घेणाऱ्या प्रथिनाला) चिकटला, आत एका कायनेजने (फॉस्फेट लावणाऱ्या विकराने) दुसऱ्याला फॉस्फेट लावलं, दुसऱ्याने तिसऱ्याला, केंद्रकात जनुकं जागी झाली, पेशी विभागली. सगळे बाण वरून खाली आणि तळाला एकच शब्द, ‘वाढ’. मग कर्करोगाच्या तासाला सांगायचं की यातला एखादा बाण कायमचा चालू राहिला.

या आकृतीत दोन गोष्टी बसत नाहीत.

पहिली, एफजीएफआर३. हा वाढघटकाचा रिसेप्टर. त्याच्या ३८० व्या जागी ग्लायसीन या अमिनो आम्लाऐवजी आर्जिनीन आलं की तो गरजेपेक्षा जास्त चालतो आणि होतो अकॉन्ड्रोप्लाझिया, म्हणजे हातापायांची हाडं आखूड राहतात. याच रिसेप्टरला जादा चालवणारी म्युटेशनं (जनुकातले बदल) मूत्राशयाच्या गाठींतही सापडतात, आणि तिथे मात्र पेशी फोफावतात.

दुसरी, थांबणं. उंदराचं यकृत दोन तृतीयांश कापून काढलं तरी आठ-दहा दिवसांत वजन भरून येतं आणि तिथेच थांबतं. फळमाशीच्या अळीतली पंखाची चकती सुमारे ५० पेशींपासून सुमारे ५०,००० पर्यंत जाते आणि थांबते. माझ्या आकृतीत ‘थांब’ म्हणणारं कोणीच नाही.

जाणकारांनी लिहावं. व्याख्या पुस्तकात आहेत. प्रयोगशाळेत आणि दवाखान्यात हे कसं दिसतं, कुठे फसतं, ते हवं आहे. फळ्यावर काय बदलू?

---

वाढपट्टी

एफजीएफआर३ चं कोडं सोडवायचं तर वाढपट्टीतली पेशी काय काम करते ते आधी बघा. लांब हाडाच्या टोकाला कूर्चापेशींच्या रांगा असतात. त्या आधी विभागतात, मग फुगतात, शेवटी त्यांच्या जागी हाड बसतं. हाड लांब होतं ते या दोन्ही टप्प्यांमुळे. एफजीएफआर३ चा तिथला नेहमीचा उपयोगच हा की विभाजन आवरायचं. तो संदेश दोन वाटांनी जातो: स्टॅट१ या प्रथिनामार्गे विभाजन थांबतं, आणि एमएपी कायनेज या कायनेजांच्या साखळीमार्गे पेशी फुगण्याचा टप्पा दबतो. रिसेप्टर जादा चालला की दोन्ही जादा होतं. मूत्राशयाच्या अस्तरातल्या पेशीत तीच एमएपी कायनेजची वाट विभाजनाच्या जनुकांपर्यंत पोचते, कारण त्या पेशीत उघडी असलेली जनुकं वेगळी आहेत.

म्हणजे रिसेप्टर फक्त ‘निरोप आला’ एवढंच कळवतो. निरोपाचा अर्थ पेशीची जात ठरवते.

उपचारही याच समजुतीवर उभा आहे. व्होसोरिटाइड हे सीएनपी या नैसर्गिक पेप्टाइडचं टिकाऊ रूप. ते रिसेप्टरला हातच लावत नाही. दुसऱ्या वाटेने येऊन एमएपी कायनेजच्या साखळीत राफ या कायनेजच्या पायरीवर अडवतं. २०२१ मध्ये त्याला युरोप आणि अमेरिकेत मान्यता मिळाली. रोज त्वचेखाली एक इंजेक्शन. वर्षभराच्या चाचणीत प्लासिबोच्या (औषध नसलेल्या नकली इंजेक्शनच्या) तुलनेत उंची वाढण्याचा वेग वर्षाला सुमारे १.५७ सेंमीने जास्त होता. वाढपट्ट्या बंद झाल्यावर उपयोग शून्य, त्यामुळे सुरू करण्याआधी एक्स-रे बघायचाच. सुरुवातीला रक्तदाब थोडा वेळ खाली येऊ शकतो, म्हणून इंजेक्शनआधी मुलाला खायला-प्यायला घालायचं.

---

सूक्ष्मदर्शी

वरच्या प्रतिसादाला जोडून एक जुना प्रयोग, वर्गात नक्की सांगावा असा. प्रयोगशाळेत वाढवतात त्या पीसी१२ नावाच्या पेशी, आणि ईजीएफ व एनजीएफ हे दोन वाढघटक. त्यांना ईजीएफ दिलं तर त्या विभागतात. एनजीएफ दिलं तर विभाजन थांबवून चेतातंतूंसारखे धागे काढतात. दोन्ही वेळा आत चालतं ते एमएपी कायनेजच्या साखळीतलं ईआरके हेच कायनेज! फरक वेळेचा. ईजीएफने ईआरके पाचेक मिनिटांत उसळतं आणि तासाभरात खाली येतं. एनजीएफने ते कित्येक तास चढलेलंच राहतं. पेशी ‘कोण चालू आहे’ एवढं बघून थांबत नाही, ‘किती वेळ चालू आहे’ हेही मोजते.

त्यामुळे फळ्यावर बाणाशेजारी वेळेचा आलेख हवाच. जात आणि वेळ, या दोन गोष्टी नसतील तर ती आकृती अपुरी.

---

खाडीकाठ (नवी मुंबई)

‘थांब’ वर लिहितो.

१९९५ मध्ये फळमाशीत वॉर्ट्स हे जनुक सापडलं. ते बिघडलं की ऊती बेसुमार वाढते. २००२-०३ मध्ये साल्वाडोर आणि हिप्पो मिळाली, २००५ मध्ये यॉर्की. माणसात त्यांचे जोडीदार असे: हिप्पोच्या जागी एमएसटी१/२, वॉर्ट्सच्या जागी लॅट्स१/२, यॉर्कीच्या जागी याप आणि टाझ. या सगळ्यांचा मिळून होतो तो हिप्पो मार्ग. काम सरळ आहे. एमएसटी लॅट्सला चालू करतं. लॅट्स यापच्या १२७ व्या जागच्या सेरीन या अमिनो आम्लाला फॉस्फेट लावतं. फॉस्फेट लागलेला याप १४-३-३ प्रथिनाला अडकून पेशीद्रवात राहतो. आणखी एका जागी, ३९७ व्या सेरीनला फॉस्फेट लागलं की पुढे त्याची विल्हेवाट लागते. फॉस्फेट नसलेला याप केंद्रकात जातो, टीड या प्रथिनांना जोडतो आणि वाढीची जनुकं चालू करतो.

इथे मुख्य मार्ग चालू असणं म्हणजे वाढ बंद असणं. तुमच्या फळ्यावरच्या बाणांच्या बरोबर उलट.

ठळक पुरावा २००७ चा. उंदराच्या यकृतात औषधाच्या इशाऱ्यावर चालणारा जादा याप घातला. यकृत एरवी शरीराच्या वजनाच्या सुमारे ५ टक्के असतं, ते काही आठवड्यांत २५ टक्क्यांच्या आसपास गेलं. याप बंद केल्यावर परत आक्रसलं. चालूच ठेवला तर गाठी झाल्या.

आणि लॅट्सला कळतं कुठून? पेशींची दाटी, पायाखालच्या ऊतीचा कडकपणा, रक्तरसातले एलपीए आणि एस१पी हे मेदरेणू, पेशीतली ऊर्जा. या मार्गाला स्वतःचा असा एकच वाढघटक नाही. तो परिसर वाचतो.

---

स्लो_लोकल

म्हणजे सकाळी साडेआठची ठाण्याची लोकल. डबा गच्च भरला की दारातला माणूसच सांगतो, पुढच्या गाडीने या.

---

खाडीकाठ

@स्लो_लोकल, उपमा चांगली आहे, फक्त एक भर घालतो. दारातला माणूस दिसायला हवा. निरोगी अस्तरात पेशींना वरची आणि खालची अशा ठरलेल्या बाजू असतात आणि शेजारणीशी घट्ट सांधे असतात. एनएफ२ जनुकाचं मर्लिन हे प्रथिन त्या सांध्यांपाशी लॅट्सला पडद्यावर आणतं. एनएफ२ गेलं की दाटी असूनही पेशीला ती कळत नाही. चेतांवरच्या गाठी श्वानोमा, मेंदूच्या आवरणावरच्या गाठी मेनिंजियोमा आणि फुफ्फुसाच्या आवरणाचा, अॅस्बेस्टॉसशी जोडलेला मेसोथेलियोमा, या तिन्हींत एनएफ२ वारंवार बिघडलेलं सापडतं.

---

सूक्ष्मदर्शी

इथे माझा मतभेद नोंदवतो. हिप्पो म्हणजे अवयवाचा आकार ठरवणारा मार्ग, असं सगळीकडे लिहिलं जातं. २००७ चे प्रयोग सांगतात की याप *जादा* झाला तर अवयव मोठा होतो. त्यावरून नेहमीचा आकार यापनेच ठरतो असं निघत नाही. उंदराच्या यकृतपेशींतून याप आणि टाझ दोन्ही काढले तरी यकृत साधारण नेहमीएवढंच वाढतं, हे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. आतड्यातही याप काढला तर रोजचं कामकाज चालू राहतं. अडतं ते जखम झाल्यावर भरून काढताना.

म्हणून विद्यार्थ्यांना असं सांगावं: याप दुरुस्तीच्या वेळी चालू होतो, एरवी हिप्पो मार्गाने दाबलेला असतो, आणि कर्करोग तो दुरुस्तीचा कार्यक्रम चोरून चालू ठेवतो. हिप्पोला ‘अवयवाची मोजपट्टी’ म्हणू नये.

---

खाडीकाठ

@सूक्ष्मदर्शी, यकृताबद्दल मान्य. माशीच्या चकतीत मात्र यॉर्की नसेल तर चकती खुरटी राहते, त्यामुळे सगळ्या ऊतींना एक नियम लावणार नाही. ‘दुरुस्तीचा कार्यक्रम’ ही मांडणी मला पटली, शिकवायला ती जास्त खरी आहे. औषधांच्या दृष्टीनेही बरी बातमी: यापची रोज गरज नसेल तर तो दाबणाऱ्या औषधाचा त्रास तुलनेने कमी व्हावा. टीडला अडवणारी औषधं सध्या माणसांवरच्या चाचण्यांत आहेत, त्यात मेसोथेलियोमाचे रुग्ण आहेत. अशा औषधांनी मूत्रावाटे प्रथिन जातं का, यावर डोळा ठेवावा लागतो, कारण मूत्रपिंडाच्या गाळणीतल्या पेशींना टीडची गरज दिसते.

---

दंतमंजन

कडकपणाचा मुद्दा आला म्हणून लिहिते, कारण आपल्याकडे तो तोंडात दिसतो.

सुपारी चघळणाऱ्यांमध्ये ओरल सबम्युकस फायब्रोसिस होतो. गालाच्या आतली ऊती पांढरट, ताठ होते, बोटाला दोरीसारखे पट्टे लागतात, तोंड उघडेनासं होतं. तंबाखू नसली तरी होतो. सुपारीतलं अॅरेकोलीन आणि इतर अल्कलॉइडं अस्तरातल्या पेशींत टीजीएफ-बीटा हा वाढघटक वाढवतात. त्याचा संदेश स्मॅड२/३ या प्रथिनांमार्गे जातो आणि अस्तराखालच्या थरातल्या फायब्रोब्लास्ट पेशी कोलॅजन हे धाग्यांचं प्रथिन जास्त बनवतात. सुपारीत तांबं भरपूर असतं. लायसिल ऑक्सिडेज या विकराला तांबं लागतं आणि तो कोलॅजनचे धागे एकमेकांना शिवतो. शिवलेलं कोलॅजन सहज विरघळत नाही. म्हणून सुपारी सोडल्यावर रोग पुढे सरकणं मंदावतं, पण तोंड आपोआप पूर्ववत उघडत नाही.

आता दोन मार्ग एकत्र बघा. टीजीएफ-बीटा सुरुवातीला अस्तराच्या पेशींचं विभाजन *थांबवतो*. पण त्यानेच खालचा थर कडक होतो, आणि कडक थरावरच्या पेशीत याप केंद्रकात जायला लागतो. थांबवणाऱ्याच मार्गाने वाढीला अनुकूल जमीन तयार होते. पुढे काही जणांत कर्करोग होतो त्याचं हे एकमेव कारण नाही, सुपारीमुळे होणारं डीएनएचं नुकसान आहेच, पण हा दुवा दुर्लक्षून चालणार नाही.

खारघरच्या अॅक्ट्रेक आणि कल्याणीच्या जैववैद्यकीय जनुकशास्त्र संस्थेच्या गटाने २०१३ मध्ये गाल-हिरडीच्या कर्करोगाचं जनुकीय चित्र प्रसिद्ध केलं. त्यात टीपी५३, एफएटी१, कॅस्प८, एचरास, नॉच१ या जनुकांची नावं वारंवार आली. एफएटी१ हिप्पो मार्गाच्या वरच्या टोकाला बसतं, एचरास वाढघटकांच्या मार्गात. आणि नॉच१ इथे *बंद* पडलेलं असतं. उलट टी-पेशींच्या ल्युकेमियात (रक्ताच्या कर्करोगात) निम्म्याहून जास्त रुग्णांत नॉच१ जादा *चालू* असतं. @फळा_खडू, एफजीएफआर३ च्या शेजारी हे दुसरं उदाहरण ठेवा.

घरच्या घरी करायची तपासणी: आपलीच तीन बोटं उभी धरून पुढच्या दातांमध्ये जातात का बघा. जात नसतील, तिखट सोसत नसेल, किंवा तोंडात पांढरा-लाल चट्टा दोन-तीन आठवड्यांत बरा होत नसेल तर दंतवैद्याकडे जा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, पण साधी सुपारी निरुपद्रवी असं अजूनही मानलं जातं. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ मध्येच सुपारीला, तंबाखूशिवायही, गट १ मध्ये, म्हणजे माणसात कर्करोग करतात हे सिद्ध झालेल्या गोष्टींत, घातलं आहे.

---

कोपरखैरणे_सेक्टर

लग्नातल्या मुखवासातली सुपारीही?

---

दंतमंजन

हो, पदार्थ तोच. धोका किती वर्षं, दिवसातून किती वेळा आणि किती वेळ गालात धरून ठेवली यावर वाढतो. मुलांना मुखवास देताना बिनसुपारीचा द्या, चवीत काही कमी होत नाही.

---

ऐरोलीकर

औषधांकडे येऊ. ‘अति चालू बाण बंद करा’ एवढ्यावर भागत असतं तर २०११ नंतर काहीच उरलं नसतं. त्या वर्षी बीराफ (राफचा एक प्रकार) मधल्या व्ही६००ई म्युटेशनवरचं व्हेम्युराफेनिब आलं. मेलॅनोमात (त्वचेच्या रंगपेशींच्या कर्करोगात) गाठी झरझर वितळल्या. मोठ्या आतड्याच्या कर्करोगात म्युटेशन तेच, औषध तेच, परिणाम नगण्य. कारण उलट-नियंत्रण. ईआरके चालू असताना तो वरच्या ईजीएफआरला, म्हणजे ईजीएफच्या रिसेप्टरला, दाबून ठेवतो. बीराफ अडवला की ईआरके पडतो, दाब उठतो आणि ईजीएफआर दुसऱ्या वाटेने मार्ग परत पेटवतो. मेलॅनोमाच्या पेशीत ईजीएफआर मुळात फार थोडा असतो, म्हणून तिथे हा खेळ होत नाही. आतड्यात आता बीराफरोधक एनकोराफेनिबसोबत ईजीएफआर अडवणारं सेटुक्सिमॅब देतात.

दुसरी गंमत अशी की बीराफ निरोगी असलेल्या पेशीत हेच औषध मार्ग *चालू* करतं. राफची प्रथिनं जोडीने काम करतात. एकाला औषध चिकटलं की जोडीदार उत्तेजित होतो, विशेषतः साखळीत राफच्या वर असलेलं रास आधीच चालू असेल तर. त्यामुळे मेलॅनोमाच्या रुग्णांच्या त्वचेवर नव्या गाठी यायच्या. सोबत मेक (साखळीत राफ आणि ईआरके यांच्या मधलं कायनेज) अडवणारं औषध दिलं की ते बरंच कमी होतं. दोन औषधं दिल्यावर एक दुष्परिणाम घटतो, असं फार क्वचित बघायला मिळतं.

तिसरं, स्तनाच्या कर्करोगावरचं अल्पेलिसिब. वाढीचा संदेश नेणाऱ्या पीआय३ कायनेजचा (पीआय३के) अल्फा प्रकार अडवतं. इन्सुलिनचा संदेशही त्याच कायनेजमधून जातो. साखर वाढते, स्वादुपिंड आणखी इन्सुलिन सोडतं, आणि ते इन्सुलिन गाठीतला मार्ग पुन्हा ढकलतं. म्हणून सुरू करण्याआधी उपाशीपोटीची साखर आणि एचबीए१सी (साखरेची तीनेक महिन्यांची सरासरी), पहिल्या दोन आठवड्यांत साखरेवर बारीक लक्ष, आणि वाढलीच तर बहुधा आधी मेटफॉर्मिन. इन्सुलिन टोचणं शक्यतो शेवटी. आपल्याकडे आधीच मधुमेह असलेले रुग्ण पुष्कळ, त्यामुळे ही तपासणी टाळून चालतच नाही.

---

वाढपट्टी

@ऐरोलीकर, पीआय३के वरून आठवलं. गर्भात वाढीच्या दरम्यान एखाद्याच पेशीत पीआयके३सीए या त्याच कायनेजच्या जनुकाचं म्युटेशन झालं तर तिच्या वंशातल्या पेशी जिथे जातील तेवढाच भाग वाढतो: एक बोट, एक पाय, अर्ध्या अंगातली चरबी आणि रक्तवाहिन्या. अशा मुलांना अल्पेलिसिब २०२२ पासून अमेरिकेत मान्य आहे. निदानातली नेहमीची चूक म्हणजे रक्त तपासायला पाठवणं. म्युटेशन रक्तपेशींत बहुधा नसतं, अहवाल ‘काही नाही’ असा येतो. वाढलेल्या भागातला तुकडा घ्यायचा, आणि प्रयोगशाळेला आधी कळवायचं की म्युटेशन मोजक्याच पेशींत असू शकतं, डीएनएचं वाचन खोल, म्हणजे तोच भाग पुष्कळ वेळा वाचून, करा.

---

हळदीकुंकू

सगळे परदेशी औषधांबद्दल बोलताय. हळदीतलं करक्युमिन एनएफ-कॅपा-बी, विंट, एमटॉर सगळेच मार्ग बंद करतं असे शेकडो शोधनिबंध आहेत. मग रुग्णांना का देत नाहीत?

---

ऐरोलीकर

प्रश्न रास्त आहे, म्हणून आकड्यांत उत्तर देतो. पेशींवरच्या प्रयोगांत करक्युमिन साधारण १० ते ५० मायक्रोमोलर वापरतात. माणसाला दिवसाला ३.६ ग्रॅम तोंडावाटे देऊन रक्तात मिळालं ते सुमारे १० नॅनोमोलर (१ मायक्रोमोलर म्हणजे १,००० नॅनोमोलर). किमान हजारपट फरक. आतड्यात आणि यकृतात त्याचं लगेच रूपांतर होऊन ते बाहेर जातं.

‘सगळेच मार्ग बंद करतं’ ही जमेची बाजू नाही, सावधगिरीची खूण आहे. करक्युमिन स्वतः चमकतं, प्रथिनांना सरसकट चिकटतं, धातू धरतं आणि माध्यमात तासाभरात मोडतं. त्यामुळे प्रकाश मोजून निकाल देणाऱ्या चाचण्या फसतात. आमटीतल्या हळदीबद्दल काहीच म्हणणं नाही. मिरीच्या अर्कासह मिळणाऱ्या जास्त मात्रेच्या गोळ्यांनी मात्र यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत, आणि मिरीतलं पायपरीन इतर औषधांचं विघटनही मंदावतं. केमोथेरपी चालू असेल तर अशी कोणतीही गोळी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय घेऊ नका.

---

हळदीकुंकू

नॅनोमोलरचा फरक माहीत नव्हता. धन्यवाद.

---

पॅराफिन_ब्लॉक (ठाणे)

एवढे सगळे मार्ग, पण रुग्णाच्या बाबतीत सगळं सुरू होतं गाठीचा काढलेला तुकडा ठेवतात त्या बाटलीत. फुफ्फुसाच्या अॅडेनोकार्सिनोमात (फुफ्फुसाच्या कर्करोगाच्या एका प्रकारात) ईजीएफआरचं जनुक बघायचं. त्याच्या १९ व्या एक्झॉनमधली (जनुकाच्या एका भागातली) तूट किंवा एल८५८आर हे म्युटेशन असेल तर ईजीएफआर अडवणाऱ्या गोळ्या देता येतात. मुंबईच्या टाटा रुग्णालयाने २०२० मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीत नुसत्या गेफिटिनिब या गोळीने रोग मध्यकाने सुमारे ८ महिने आवरला, सोबत पेमेट्रेक्सेड-कार्बोप्लॅटिन ही केमोथेरपी दिल्यावर १६ महिने. तुकडाच खराब असेल तर हा निर्णयच घेता येत नाही.

नातेवाइकांनी आणि छोट्या नर्सिंग होमने पाळायच्या गोष्टी:

तुकडा काढल्यापासून तासाभरात फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा. सलाईनमध्ये नाही, स्पिरिटमध्ये नाही. फॉर्मॅलिन १० टक्के आणि *न्यूट्रल बफर्ड*. बफर नसलेलं जुनं फॉर्मॅलिन आंबट होतं आणि डीएनएचे तुकडे करतं. तुकड्याच्या दसपट तरी द्रव हवा. मोठा नमुना असेल तर कापे देऊन ठेवा, नाहीतर आतला भाग भिजतच नाही. फॉर्मॅलिनमध्ये राहण्याची मुदत ६ ते ७२ तास. शनिवारी संध्याकाळी काढलेला तुकडा सोमवारी दुपारी पोचला तरी चालतो, गुरुवारी पोचला तर नाही. बाटलीवर काढल्याची *वेळ* लिहा. ती वेळ नसल्यामुळे स्तनाच्या तुकड्यावरच्या हर२ (वाढीचा संदेश घेणारा आणखी एक रिसेप्टर) च्या अहवालावर शंका राहते. हाडातला तुकडा असेल तर कॅल्शियम काढायला तीव्र आम्ल नको, ईडीटीए वापरायला सांगा. वेळ जास्त लागतो पण डीएनए वाचतो.

हर२ बद्दल: ३+ म्हणजे सकारात्मक, ० आणि १+ ला जनुकाच्या प्रती मोजायची गरज नाही, २+ आलं की त्या प्रती मोजणारी फिश तपासणी करायचीच. २+ वाचून ‘थोडासा पॉझिटिव्ह’ असं समजू नये, त्याचा अर्थ अजून ठरलेलं नाही.

एक मर्यादा सांगून ठेवतो. या तुकड्यावर म्युटेशन कळतं, मार्ग त्या घडीला किती चालू होता ते कळत नाही. फॉस्फेटचे गट रक्तपुरवठा तुटल्यावर काही मिनिटांत बदलायला लागतात. म्हणून नेहमीच्या ब्लॉकवर (मेणात बसवलेल्या तुकड्यावर) फॉस्फो-ईआरके, म्हणजे फॉस्फेट लागलेलं ईआरके, रंगवून उपचार ठरवू नये.

---

पीएचडी_पहिलं_वर्ष

@खाडीकाठ, विरळ आणि दाट पेशींत फॉस्फो-यापचा (फॉस्फेट लागलेल्या यापचा) फरक वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिनं जेलवर वेगळी करून पडद्यावर ओळखण्याच्या चाचणीत) दिसत नसेल तर कुठे कुठे बघावं?

---

खाडीकाठ

चुका बहुतेक ब्लॉटच्या आधीच झालेल्या असतात.

पेरणी. सहा खणांच्या प्लेटमध्ये विरळसाठी खणाला सुमारे १ लाख, दाटसाठी १० ते १२ लाख पेशी, २४ तास. दाट खणात पेशी नुसत्या जवळ असून भागत नाही, एकमेकींना चिकटायला वेळ मिळायला हवा. आणि पेशींची जात बघा: एनएफ२ नसलेल्या पेशीत हा फरक येणारच नाही.

सीरम, म्हणजे माध्यमात घालतात तो रक्तरस. ताजं १० टक्के सीरम घातल्यावर तासाभरात याप फॉस्फेटविना होतो. काही खणांचं माध्यम सकाळी बदललं आणि काहींचं नाही, तर तुम्ही दाटी न मोजता सीरम मोजताय. सगळ्यांचं एकाच वेळी बदला. दाट खणात सीरम लवकर संपतं हाही गोंधळ, म्हणून काढण्याआधी किती तास ते वहीत लिहा.

पेशी सुट्या करणारं ट्रिप्सिन वापरू नका. पेशी पृष्ठभागावरून सुटली की लॅट्स चालू होतं आणि सगळ्याच नमुन्यांत फॉस्फो-याप वाढलेला दिसतो. प्लेट बर्फावर, थंड पीबीएसने (खारट द्रावणाने) एकदा धुवा, पेशी फोडणारं बफर थेट वर ओता आणि खरवडून घ्या.

बफरमध्ये सोडियम फ्लोराइड ५० मिलिमोलर, ऑर्थोव्हॅनाडेट १ मिलिमोलर. सेरीनचं फॉस्फेट वाचवतं ते मुख्यतः फ्लोराइड, नुसत्या व्हॅनाडेटवर विसंबू नका. व्हॅनाडेट पीएच १० ला आणून, रंग जाईपर्यंत उकळून तयार करावं लागतं. बफरमध्ये ईडीटीए किंवा डीटीटी असेल तर त्याचा परिणाम जातो.

ब्लॉकिंगला (पडद्यावरच्या रिकाम्या जागा झाकायला) ५ टक्के बीएसए हे प्रथिन. दुधातलं केसीन स्वतःच फॉस्फेट लागलेलं प्रथिन, पार्श्वभूमी काळी होते. याप हिशेबाने ५४ किलोडाल्टनच्या आसपास, पण जेलवर ६५ ते ७५ मध्ये दिसतो, घाबरू नका. शेजारी एकूण याप लावायलाच हवा.

तरीही समजत नसेल तर फॉस्फेट लागलेलं प्रथिन मागे रोखणारं फॉस-टॅग जेल, ५० मायक्रोमोलर, मँगनीजसह. नमुन्यात ईडीटीए नको. पण ट्रान्सफरआधी जेल १० मिलिमोलर ईडीटीए असलेल्या बफरमध्ये भिजवून मँगनीज काढायचं, हे राहिलं तर पडद्यावर काहीच उतरत नाही. रंगीत मार्कर तिथे वजन सांगत नाही.

आणि ब्लॉटवर थांबू नका. सीटीजीएफ, सीवायआर६१, अँकर्ड१ या यापने चालू होणाऱ्या जनुकांचं क्यूपीसीआर (जनुक किती चालू आहे ते मोजणं) करा. याप केंद्रकात दिसला पण ही तिन्ही हलली नाहीत, तर निष्कर्ष लिहिण्याची घाई नको.

---

पीएचडी_पहिलं_वर्ष

कडकपणा बदलून बघायचा असेल तर? प्लास्टिकवर सगळंच कडक.

---

खाडीकाठ

बरोबर, कल्चर प्लेट गिगापास्कलमध्ये असते, शरीरात हाड आणि दात सोडले तर तसं काही नाही. पॉलिअॅक्रिलामाइडचे जेल ओता: ३ टक्के अॅक्रिलामाइड आणि ०.१ टक्के बिस (धागे जोडणारं रसायन) म्हणजे सुमारे १ किलोपास्कल, ८ टक्के आणि ०.४८ टक्के म्हणजे सुमारे ४०. वर सल्फो-सॅनपाह हे चिकटवणारं रसायन लावून ३६५ नॅनोमीटर प्रकाशाखाली धरा आणि कोलॅजन जोडा. सल्फो-सॅनपाह पाण्यात लवकर निकामी होतं, विरघळवल्याबरोबर वापरा. मऊ जेलवर पेशी चिकटल्या नाहीत तर कडकपणाला दोष देण्याआधी कोलॅजन सगळीकडे सारखं लागलं का ते तपासा.

---

सूक्ष्मदर्शी

अवांतर वाटेल, पण विंट हा वाढीचा निरोप राहिलाच. आतड्याचं अस्तर तीन ते पाच दिवसांत बदलतं आणि खोबणीच्या तळाशी मूळपेशींना विंट सतत लागतो. पेशी वर सरकली की विंट कमी, विभाजन बंद. म्हणजे ‘थांब’ हा शब्द इथे कोणी पाठवत नाही, ‘चाल’ मिळेनासा होतो. एपीसी हे जनुक बिघडलं की विंटचा निरोप आत नेणारं बीटा-कॅटेनिन मोडलं जात नाही, वर गेलेल्या पेशीलाही आपण तळाशीच आहोत असं वाटतं. जन्मतः एपीसी बिघडलेल्या कुटुंबांत आतड्यात शेकडो पॉलिप (अस्तरावरच्या गाठी) होतात, म्हणून मुलांची दुर्बीण तपासणी साधारण १० ते १२ व्या वर्षापासून सुरू करतात.

मग विंट अडवणारं औषध का नाही? प्रयत्न झाले, चाचण्यांत हाडं मोडायला लागली. हाड बांधायलाही विंटच लागतो. तीच गोष्ट उलटी वापरून, विंटला अडवणाऱ्या स्क्लेरोस्टिन या प्रथिनाला बांधून ठेवणारं रोमोसोझुमॅब २०१९ मध्ये हाडांच्या ठिसूळपणासाठी आलं.

---

फळा_खडू

सगळ्यांचे मनापासून आभार. आकृती अशी बदलतो आहे: प्रत्येक बाणाशेजारी वेळेचा आलेख, खालून वर जाणारे उलट-नियंत्रणाचे बाण लाल खडूने, आणि तळाशी ‘वाढ’ ऐवजी रिकामा चौकोन. चौकोनात काय लिहायचं ते मुलांनी पेशीची जात विचारूनच ठरवायचं. कूर्चापेशी, मूत्राशय, गालाचं अस्तर, टी-पेशी अशा चार चिठ्ठ्या.

प्रात्यक्षिकाला पेशीकल्चर आमच्याकडे नाही. काय करता येईल?

---

सूक्ष्मदर्शी

संगणक असतील तर फोटोंवरून मोजमाप करणारं इमेजजे फुकट आहे. यापचे विरळ आणि दाट पेशींचे खुल्या परवान्याचे फोटो घ्या. डॅपीच्या (केंद्रक रंगवणाऱ्या रंगाच्या) चॅनेलवरून केंद्रकाचा मुखवटा करा, तो दोन-तीन पिक्सेलने आत घ्या, बाहेर पाचेक पिक्सेलचं कडं काढा. पार्श्वभूमीचा आकडा दोन्हींतून वजा करून केंद्रक भागिले कडं. प्रत्येक फोटोत किमान ५० पेशी, आणि फोटो कुठला ते मोजणाऱ्याला सांगायचं नाही.

---

खाडीकाठ

फोटो निवडताना कॉनफोकलचेच (एकेक पातळ थर टिपणाऱ्या सूक्ष्मदर्शकाचे) घ्या. दाट पेशी उंच होतात, साध्या फ्लोरोसन्समध्ये केंद्रकाच्या वरखालचं पेशीद्रव केंद्रकातच मोजलं जातं आणि फरक पुसट होतो. एक-दोन साधे फोटो मुद्दाम मिसळा, गुणोत्तर का बिघडलं ते मुलांना शोधू द्या.